दंगल न झालेल्या गावांची शांतता

मराठी वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे ‘जातीय दंगल’ हा शब्द वापरत आली. शब्दात जात आहे, अर्थ मात्र हिंदू-मुस्लीम दंगल असा. १९७० ची भिवंडी, जळगाव आणि महाड येथील दंगल ‘जातीय’ होती, १९९२-९३ ची मुंबईतली दंगलही ‘जातीय’च. उलट जिथे खरोखर जात हेच कारण असते, तिथे आपण दंगल हा शब्द सहसा काढत नाही. तिथे ‘अत्याचार’ होतो आणि काही दिवसांनी त्याचे ‘प्रकरण’ होते. खैरलांजी प्रकरण, सोनई प्रकरण, खर्डा प्रकरण. ‘वांशिक संघर्ष’ हा तिसरा शब्द आपण परमुलखासाठी राखून ठेवला आहे: श्रीलंका, बोस्निया, रवांडा, अलीकडे मणिपूर. समाजशास्त्रज्ञांच्या इंग्रजीत या तिन्हींना मिळून एकच शब्द चालतो. जन्माने चिकटलेल्या ओळखीवरून जे जे वैर उभे राहते ते सारे त्यात मावते. मराठीत ते मावत नाही, आणि ही केवळ अनुवादकाची अडचण आहे असे मला वाटत नाही. नाव कोणते दिले यावरून धावून कोण येणार हे ठरते. दंगल म्हटले की शांतता समिती बसते. अत्याचार म्हटले की सत्यशोधन समिती येते, अहवाल लिहिते, जाते. वांशिक संघर्ष म्हटले की स्वयंसेवी संस्थेचा प्रकल्प मंजूर होतो.

या तिन्ही प्रकारच्या मंडळींबद्दल गेल्या काही वर्षांत जे वाचले, त्याचा विचार मी केडगावात बसून करतो आहे. केडगाव म्हणजे पुणे रस्त्यावरचे, आता महापालिकेत गेलेले नगरचे उपनगर. (दौंड तालुक्यातले, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव वेगळे. ही गल्लत नेहमी होते म्हणून आधीच सांगून ठेवतो.) इथल्या नव्या वसाहतींत श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी अशा तालुक्यांतून आलेली माणसे राहतात आणि गावाकडच्या बातम्या इथे वर्तमानपत्राच्या आधी पोहोचतात. त्यामुळे शांततेवरचा प्रत्येक सिद्धान्त या तालुक्यांवर घासून पाहण्याची सवय लागली आहे.

यातला मराठीतला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ एका पोलीस अधिकाऱ्याचा आहे, ही गोष्टच बोलकी आहे. सुरेश खोपडे यांचे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक. भिवंडी १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटली. न्यायमूर्ती मदन आयोगाने त्याची चौकशी केली. १९८४ मध्ये ती पुन्हा पेटली. खोपडे १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी शहरभर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एका समितीत दोन्ही धर्मांची माणसे, तीही शक्यतो पुढारी नव्हेत तर यंत्रमागवाला, दुकानदार, शिक्षक अशी. आणि सोबत त्या भागाचा पोलीस. बैठक सणासुदीपुरती नव्हे, नियमित. विषय धर्माचा नव्हे, तर नळाचा, गटाराचा, गल्लीतल्या मारामारीचा. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबईत दोन फेऱ्यांत जे घडले त्यात श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे ९०० माणसे मेली, ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीची इतर वा ओळख न पटलेली. मुंबईपासून काही तासांच्याही अंतरावर नसलेली भिवंडी शांत राहिली.

पुस्तकाचे नावच प्रश्नार्थक आहे आणि त्याचे उत्तर लेखकाला आधीपासून माहीत आहे. अनुभवकथनात्मक लेखनाचा हा गुण आणि दोष दोन्ही. परंतु खोपड्यांनी एक गोष्ट पाहिली जी भल्याभल्या सद्भावनावाद्यांना दिसली नव्हती. माणसे एकमेकांच्या सणाला जाऊन शिरखुर्मा आणि फराळ खातात, याने दंगल थांबत नाही. अफवा उठल्यावर रात्री अकराला ज्याचा दरवाजा वाजवता येईल असा पलीकडच्या समाजातला माणूस हवा, आणि त्याच्याशी आधी दहादा क्षुल्लक कामावरून भेट झालेली हवी. ही ओळख सणाच्या आदल्या आठवड्यात तयार होत नाही. आपल्याकडे गणपती, मोहरम, शिवजयंती तोंडावर आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, मिरवणुकीचा मार्ग वाचून दाखवला जातो, त्याच त्या माणसांचे सत्कार होतात. खोपड्यांचे पुस्तक वाचल्यावर या बैठकीकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहता येत नाही.

याच निरीक्षणाला पुढे आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात सिद्धान्ताचे रूप दिले. अलिगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा शहरांच्या जोड्या लावून त्यांनी विचारले की एक शहर पेटते तेव्हा दुसरे का पेटत नाही. उत्तर असे की कालिकतसारख्या ठिकाणी व्यापारी संघटना, कामगार संघटना, वाचक मंडळे, पक्ष यांत दोन्ही समाज एकत्र बांधलेले आहेत. नुसता शेजार पुरत नाही, शहरात तर नाहीच. संघटित बांधणी लागते. एकाच धर्माची माणसे असलेली संस्था कितीही समाजसेवा करो, तणावाच्या दिवशी तिचा उपयोग नाही. भिवंडीचा प्रयोग वार्ष्णेयांनी मुद्दाम नोंदवला आहे, कारण तिथे अशी बांधणी आपोआप नव्हती, ती शासनाने पुढाकार घेऊन घडवली. स्वयंसेवी संस्थांच्या जगात हा ग्रंथ प्रिय झाला यात नवल नाही. शांतता ‘बांधता’ येते, असे तो सांगतो.

त्याच्यावर आक्षेपही तितकेच वजनदार आले. स्टीव्हन विल्किन्सन यांनी दाखवले की सरकारने ठरवले तर पोलीस दंगल काही तासांत थांबवू शकतात, आणि सरकार ते कधी ठरवते हे अल्पसंख्याकांच्या मतांची त्याला किती गरज आहे यावर अवलंबून असते. म्हणजे समित्या असोत नसोत, किल्ली दुसरीकडेच आहे. मुंबईचा अभ्यास करणाऱ्या थॉमस ब्लोम हान्सेन यांची टीका मला अधिक बोचली. दंगलीनंतर १९९४ पासून ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशा मंडळींच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. हान्सेन विचारतात, या बैठकांना येते कोण? जे पोलिसांना आधीच ओळखतात, ज्यांना पोलीस ‘जबाबदार नागरिक’ म्हणतात, तेच. दगड उचलणारा पोरगा तिथे नसतो, आणि ज्याच्यावर पोलिसांनीच गोळी चालवली त्याच्या घरचा माणूसही नसतो. श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या वर्तनावर स्पष्ट ठपके ठेवले होते. त्याच पोलिसांच्या खुर्चीशेजारी बसून समेटाची बैठक चालवायची तर पहिला प्रश्नच गिळावा लागतो.

हान्सेन यांच्या टीकेत मला एकच खोट दिसते. ते चळवळीला एकसंध धरतात. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी जे केले ते पोलीस ठाण्याच्या बैठकीत कोंबता येत नाही. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘नाता’ हा २००३ चा माहितीपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही जोडी आठवेल: एक निवृत्त मराठी माणूस, एक कपड्याच्या धंद्यातला उत्तर भारतीय मुसलमान, आणि ‘हम सब एक हैं’चे ते पोस्टर, ज्यात चार मुले चार धर्मांच्या वेशांत उभी आहेत. पोस्टर बाळबोध आहे, हे म्हणायला अक्कल लागत नाही. पण ते धारावीतल्या माणसाने धारावीतल्या भिंतीसाठी, धारावीच्या रुचीने केलेले आहे. सुशोभा बर्वे यांच्या ‘हीलिंग स्ट्रीम्स’मध्येही असेच दिसते: संस्थेचे नाव मागे पडते आणि वर्षानुवर्षे त्याच गल्लीत चालत जाणारी एक बाई पुढे येते.

भिवंडीचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. खोपड्यांची बदली झाली. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या नियोजित बांधकामावरून तिथे जमाव आणि पोलीस भिडले. गोळीबारात माणसे मेली आणि त्यानंतर दोन पोलिसांना जमावाने ठार केले. हिंदू-मुस्लीम दंगल ती नव्हे. पण ज्या शहरात पोलीस आणि मोहल्ला एका सतरंजीवर बसत होते, तिथेच हे घडले. समित्या अधिकाऱ्याच्या इच्छेवर उभ्या होत्या; अधिकारी गेला की उरते ते पुस्तक. एखादी स्वतंत्र संस्था हवी होती ती इथे, या जागी.

इथवरचा वाद शहरांचा झाला. आता माझ्या जिल्ह्याकडे येतो, कारण माझा मुख्य आक्षेप इथे सुरू होतो.

वार्ष्णेय यांच्या आकडेवारीत १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लीम दंगलींतील मृत्यूंपैकी खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी आहे. खेडी शांत, कारण तिथे रोजचा व्यवहार आहे, माणूस माणसाला ओळखतो. हे वाक्य पुण्यात वाचले तर पटते. खर्ड्याच्या वाटेवर वाचले तर घशात अडकते.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला मारून टाकण्यात आले, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून. त्याआधी सव्वा वर्षाने मागे जा, १ जानेवारी २०१३: नेवासे तालुक्यातल्या सोनईजवळ मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या, कारण तेच. यातल्या एकाही गावात दंगल झाली नाही. कर्फ्यू लागला नाही, दुकाने जळली नाहीत. वार्ष्णेयांच्या नोंदवहीत, शांतता समितीच्या इतिवृत्तात, कोणत्याही संस्थेच्या अहवालातल्या ‘हिंसाचार टळला’ या रकान्यात ही गावे शांतच राहिली. माणूस माणसाला ओळखत होताच. कोण कोणाच्या मुलीशी बोलते हे कळण्याइतके ओळखत होता.

सोनईचा खटला नाशिकला चालवला गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने सहा जणांना दोषी धरून फाशीची शिक्षा सुनावली. खर्ड्याचा खटला नगरलाच चालला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार उलटले. त्याच महिन्यात, त्याच नगरच्या न्यायालयाने कोपर्डीच्या खटल्यात तीन आरोपींना फाशी दिली. कोपर्डीतला गुन्हा जुलै २०१६ चा, अमानुष. मुलगी मराठा, आरोपी दलित समाजातले. त्या घटनेनंतर राज्यभर मराठा समाजाचे प्रचंड मूक मोर्चे निघाले आणि गुन्हेगारांना फाशीच्या मागणीबरोबर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदलाची मागणीही त्यात आली. दोन्ही निकालांची तुलना करून न्यायालयाला जातीचा रंग देणे सोपे आहे. मला ते करायचे नाही. पुराव्यांचे स्वरूप वेगळे होते. मला विचारायचे आहे ते एवढेच: खर्ड्यातला साक्षीदार साडेतीन वर्षे गावात कोणाच्या आधाराने राहत होता?

शांततेची भाषा इथे उलटी फिरते. हिंदू-मुस्लीम तणावात मध्यस्थाने ‘झाले गेले विसरा, एकत्र राहायचे आहे’ म्हटले तर त्याला काही अर्थ असू शकतो, कारण दोन्हीकडे थोडीफार ताकद असते. गावाबाहेरच्या पाच-दहा घरांना हेच वाक्य ऐकवले की ती धमकी होते. रोजगार वरच्यांच्या शेतात, किराणा वरच्यांच्या दुकानात, पाणी वरच्यांच्या विहिरीवर. अशा वेळी ‘गावातले वातावरण बिघडवू नका’ म्हणणारा प्रत्येक सज्जन, मग तो सरपंच असो, शिक्षक असो वा संस्थेचा कार्यकर्ता, साक्षीदाराला उलटायला मदत करत असतो. सलोखा या शब्दाचा आपल्या खेड्यांतला रोजचा अर्थ तडजोड असा आहे, आणि तडजोड कोणी करायची हे आधीच ठरलेले असते.

म्हणून जातीच्या हिंसेत चांगले काम करणारी संस्था शांतता बिघडवणारी दिसणारच. ती फिर्याद नोंदवायला लावते, तारखेला माणसे घेऊन जाते, तालुक्याच्या अधिकाऱ्याशी भांडते. तिचा कार्यकर्ता गावच्या पारावर चहा पिऊ शकत नाही. याला ‘शांतताकार्य’ म्हणून निधी कोण देणार? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत उद्योगांनी कशाकशावर सामाजिक खर्च करावा याची लांबलचक यादी आहे: शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, वारसा, क्रीडा. समाजांतला सलोखा हा विषय त्यात नावानिशी नाही, साक्षीदाराचे संरक्षण तर दूरच. परकीय देणग्यांचे नियम २०२० नंतर आणखी आवळले गेले. परिणामी संस्था आपल्या कामाला दुसरी नावे देतात. अर्जात ‘किशोरवयीनांचे सक्षमीकरण’ येते, अहवालात झाडाखाली गोल बसलेल्या मुलांचा फोटो येतो. वार्षिक अहवाल हा एक साहित्यप्रकार मानून कोणीतरी त्याची समीक्षा करायला हवी. त्यातली क्रियापदे सगळी कर्मणी असतात, त्यात कोणी कोणाला मारलेले नसते, फक्त ‘तणाव निर्माण झालेला’ असतो.

दूरची शांतता मात्र आपल्याला लिहायला आवडते. श्रीगोंद्याच्या बाजूचे अधिक कदम विद्यार्थिदशेत काश्मिरात गेले आणि पुढे कुपवाड्यात हिंसाचारात अनाथ झालेल्या मुलींसाठी घरे उभी करून राहिले. पुण्याच्या ‘सरहद’ने काश्मिरी मुलांना शिकायला पुण्यात आणले, २०१५ चे साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरले त्यामागेही हीच संस्था. दोन्ही कामे खरी आहेत. त्यांचे बळ मेळाव्यांत नसून मुक्कामात आहे. मुलगी पाच वर्षांची असताना आली आणि शिकून मोठी होईपर्यंत कोणीतरी तिथेच राहिले, ही गोष्ट तीन वर्षांच्या प्रकल्पात बसत नाही. पण आपले कौतुक पाहिले की शंका येते. नगरचा पोरगा कुपवाड्यात गेला याचा आपल्याला अभिमान वाटतो. तोच जर जामखेडच्या एखाद्या वस्तीत असा मुक्काम टाकून बसला असता, तर त्याच्यावर किती दिवाळी अंकांत लेख आले असते?

रोजच्या व्यवहारावरचा विश्वासही आता तपासून घ्यावा लागेल. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. हेच स्थान शाह रमजान माही सवार यांचे म्हणूनही मानले जाते. त्यावर वाद आहेत, पण दोन्ही समाजांचे पाय तिथे पिढ्यान्‌पिढ्या लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेने यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने त्याच्या कायदेशीरपणावर बोट ठेवले. ठरावाचे पुढे जे व्हायचे ते होवो, मला अस्वस्थ करते ती त्याची सहजता. रेवड्या, बांगड्या, खेळणी यांच्या खरेदी-विक्रीतून बांधलेले धागे हात वर करून तोडता येतात. त्यांच्यामागे एकही मिश्र संघटना नव्हती जी म्हणेल की हे आमचे सभासद आहेत. इथे वार्ष्णेय बरोबर ठरतात, खेड्याबद्दलच्या त्यांच्या आशावादाच्या विरुद्ध जाऊन बरोबर ठरतात. दीड-दोन वर्षे आधी, मे २०२३ मध्ये, शेजारच्या शेवगावात संभाजी जयंतीच्या मिरवणुकीत दगडफेक झाली होती. खेडी आणि तालुक्याची गावे आता त्या चार टक्क्यांत किती काळ राहतील, सांगता येत नाही.

तरीही संस्थांसाठी एक जागा शिल्लक आहे आणि ती कायद्यानेच ठेवली आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांत जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची तरतूद आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हावी असे नियम म्हणतो. या समितीत अनुसूचित जाती-जमातींतले अशासकीय सदस्य असतात. शिवाय त्या जाती-जमातींबाहेरचे पण स्वयंसेवी संस्थांशी संबंधित असलेले जास्तीत जास्त तीन सदस्य घेता येतात. सणाआधी ठाण्यात बसणाऱ्या समितीपेक्षा ही समिती कितीतरी भक्कम पायावर उभी आहे. पीडित आणि साक्षीदार यांना प्रवासखर्च व निर्वाहभत्ता देण्याचे नियम त्याच पुस्तकात आहेत, आणि २०१५ च्या दुरुस्तीने त्यांच्या हक्कांचे एक स्वतंत्र प्रकरणच कायद्यात घातले. माझ्या ओळखीची जी मंडळी सद्भावना फेऱ्या काढतात, मानवी साखळ्या करतात, ती बहुतेक सवर्ण आहेत, सुशिक्षित आहेत, जिल्हाधिकाऱ्यासमोर बोलायला कचरत नाहीत. नियमातल्या त्या तीन जागा नेमक्या त्यांच्यासाठी लिहिल्यासारख्या आहेत. अमुक खटल्यातला अमुक साक्षीदार सध्या कुठे राहतो, त्याला तारखेचा भत्ता मिळाला का, त्याचे रेशन आणि पाणी कोणी तोडले आहे का, हे तीन प्रश्न दर तिमाहीला इतिवृत्तात नोंदवून घेणे, एवढेच त्या खुर्चीत बसून करायचे आहे.